घरच्या वीजतारांवरून डेटा : झिरो क्रॉसिंगची पार्श्वभूमी

वीजतारांवरून संदेश पाठवणे जुनेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातल्या वीजपुरवठादारांनी 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर वेगळ्या वारंवारतेचा तरंग चढवून दूरचे हीटर चालू-बंद केले. आपल्या सबस्टेशनमधली पीएलसीसी, म्हणजे उच्चदाब तारांवरूनच संदेश नेणारी यंत्रणा, हीही त्याच कुळातली. पण त्या वाहिनीला टोकांवर वेव्ह ट्रॅप (सिग्नल बाहेर निसटू न देणारे अडसर) असतात, घरच्या वायरिंगला काहीच नसते.

घरात ही कल्पना रुजली ती स्कॉटलंडमध्ये 1975 साली जन्मलेल्या एक्स-10 या घरची उपकरणे दुरून चालवणाऱ्या पद्धतीमुळे. वाद आहे तो त्यातल्या एका निर्णयाचा : 120 किलोहर्ट्झचा 1 मिलिसेकंदाचा ठोका फक्त व्होल्टेज शून्यातून जाताना, म्हणजे झिरो क्रॉसिंगला, द्यायचा. ठोका आला तर 1, नाही तर 0. पडताळणीसाठी पुढच्या अर्ध्या सायकलला त्याच बिटचे उलट रूप. म्हणजे 50 हर्ट्झवर सेकंदाला जेमतेम 50 बिट. एक चौकट (बिटांचा एक गट) 11 सायकलची, ती दोनदा. आधी पत्ता, तीन सायकल थांबून हुकूम. एकूण 47 सायकल, दिवा लावायला जवळपास एक सेकंद!

या संथपणाचे खापर झिरो क्रॉसिंगवर फोडतात, ते अन्यायाचे आहे. दोन्ही टोकांना फुकटात एकच घड्याळ मिळत होते, स्वस्त चिपला आणखी काय हवे? शिवाय ट्रायॅक डिमरचा (दिव्याचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या स्विचचा) खरखराट बहुतेक वेळा शून्यापासून दूर असतो. तीन फेजसाठी तोच ठोका 3.33 मिलिसेकंदांच्या अंतराने तीनदा द्यायचा, झाले. वेग खाल्ला तो उलट बिटांनी आणि दुहेरी चौकटींनी. पोच देण्याची सोय मुळात नव्हती, मग खात्री पुनरुक्तीतूनच आणावी लागली.

पुढे घात केला एसएमपीएसने, म्हणजे चार्जरसारख्या उपकरणांतल्या स्विचिंग वीजपुरवठ्याने. त्याच्या फिल्टरमधला 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 50 हर्ट्झला सुमारे 32 किलोओहमचा अडथळा, पण 120 किलोहर्ट्झला अवघा 13 ओहम. चार चार्जर लावले की सिग्नल तिथेच जिरतो.

युरोपीय मानकाने 1991 मध्ये 95 किलोहर्ट्झखालचा पट्टा वीजपुरवठादारांना दिला, ग्राहकांना त्यावरचा 148.5 पर्यंत; पुढे लाँगवेव्ह रेडिओ. ग्राहकांच्याच 125 ते 140 मध्ये आधी ऐकून मग बोलायचे बंधन घातले. वाटणी पुरवठादारांच्याच सोयीची झाली, हे उघड आहे. तरी एफएसके (0 आणि 1 साठी दोन वेगळ्या वारंवारता वापरणाऱ्या) मोडेम-चिप आल्यावर वेग हजारांत गेला, स्मार्ट मीटरसाठी ओएफडीएम (एकाच वेळी अनेक वारंवारतांवर डेटा पाठवणारे तंत्र) आले. बिट मोजण्यासाठी झिरो क्रॉसिंगची गरज उरली नाही. मीटर कोणत्या फेजवर आहे हे ओळखायला मात्र काही मीटर-प्रणाली आजही तेच पाहतात.