नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर बसवणं (जुना घरगुती पीसी)

नेटवर्क कार्ड, दुकानातल्या भाषेत लॅन कार्ड, पीसीला केबलने नेटवर्कशी जोडतं आणि ड्रायव्हर म्हणजे विंडोजला ते कार्ड वापरता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम. मुंबईत हा विषय घरोघरी पोचला तो केबलवाल्यांच्या ब्रॉडबँडमुळे, साधारण २००० नंतर. गच्चीवरून लॅन वायर खिडकीतून आत आली, मग लोक लॅमिंग्टन रोडवर (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) जाऊन कार्ड आणायचे, आणि सोबतची सीडी पुढच्या फॉरमॅटच्या वेळी काही सापडायची नाही.

जुन्या कार्डांवर 'एनई२००० कम्पॅटिबल' असं छापलेलं असतं, त्याचं मूळ जरा वादाचं आहे. एनई२००० हे नॉव्हेल कंपनीचं कार्ड, काळ १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध. नेटवेअर हे आपलं नेटवर्कचं सॉफ्टवेअर खपावं म्हणून नॉव्हेलने स्वस्त कार्ड बाजारात आणलं असं एक मत, तर मुळात ती नॅशनल सेमिकंडक्टर या चिप कंपनीने आपल्या डीपी८३९० चिपसाठी दिलेली नमुना रचनाच होती असं दुसरं. कार्ड त्याच चिपभोवती बांधलेलं आहे हे पाहता दुसरं मत जास्त पटतं, आणि इतक्या कंपन्यांनी भराभर नकला कशा काढल्या तेही त्यातून कळतं. रिअलटेक या चिप कंपनीची आरटीएल८०२९ ही पीसीआयवरची (मदरबोर्डवरच्या कार्ड बसवायच्या एका प्रकारच्या स्लॉटवरची) चिप याच घराण्यातली. आरटीएल८१३९ मात्र नाही, ती १०० मेगाबिटची वेगळी रचना आहे आणि तिला एनई२००० चा ड्रायव्हर चालत नाही, दोन्ही रिअलटेकच्या म्हणून इथे फार गल्लत होते.

म्हणून खोक्यावरचं नाव बाजूला ठेवून चिप वाचायची. डी-लिंक कंपनीच्या डीएफई-५३०टीएक्स कार्डावर व्हीआयए कंपनीची ऱ्हाइन चिप असते आणि त्याच नावापुढे अधिक चिन्ह लागलं की आतली चिप रिअलटेकची, म्हणजे एका चिन्हाने अख्खा ड्रायव्हर बदलतो! कॅबिनेट उघडायचं नसेल तर विंडोज एक्सपीच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (पीसीतल्या सगळ्या भागांची यादी) पिवळ्या प्रश्नचिन्हाच्या 'इथरनेट कंट्रोलर'वर डबल क्लिक करून डीटेल्स टॅब बघा, तिथे व्हेंडर (कंपनी) आणि डिव्हाइस (चिप) असे दोन नंबर मिळतात. व्हेंडरचा नंबर १०ईसी म्हणजे रिअलटेक, ११०६ व्हीआयए, ८०८६ इंटेल. विंडोज ९८ मध्ये हा टॅबच नाही, तिथे रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जची साठवण) एचकेईवाय लोकल मशीनखाली एनम आणि त्यात पीसीआय उघडावं लागतं.

डिव्हाइस मॅनेजर अडचणीचा कोडही दाखवतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड १० म्हणजे डिव्हाइस सुरू होत नाहीये, यात ड्रायव्हर चुकीचा असू शकतो, आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची लाइन) दुसऱ्या कार्डाशी भांडत असू शकतो किंवा नुसता कॉन्टॅक्ट खराब असू शकतो. मुंबईच्या दमट हवेत हे शेवटचं कारण हलक्यात घेऊ नये. पॉवर केबल काढून कार्ड बाहेर घ्यायचं, खालच्या सोनेरी पट्ट्या शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने घासायच्या, काळपट थर रबराला लागलेला दिसतो, रबराचा भुगा झटकून कार्ड दुसऱ्या पीसीआय स्लॉटमध्ये घट्ट बसवायचं. स्लॉट बदलला की आयआरक्यूही बहुतेक वेळा बदलतो, एका कामात दोन शंका मिटतात.

मोठी पंचाईत अशी की ड्रायव्हर नेटवर आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा. एक्सपीत ८१३९ चा ड्रायव्हर आधीपासून असतो, मदरबोर्डवरच्या नंतरच्या गिगाबिट चिपांचा नसतो. ९८ ला पेन ड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या पीसीवरून सीडी राइट करून आणणं बरं, फाइल १.४४ एमबीत मावली तर फ्लॉपीही चालते. ड्रायव्हर बसवताना ९८ अधेमधे विंडोजची मूळ सीडी मागतो, ती हाताशी ठेवावी.

पिवळं चिन्ह गेलं पण आयपी (पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता) १६९.२५४ ने सुरू होतोय, तर ड्रायव्हर पुन्हा पुन्हा काढून बसवू नका. कार्ड चालतंय, समोरून पत्ता मिळत नाहीये. वायर आणि जॅकचा लाइट बघा, आणि कार्ड नवीन असेल तर केबलवाल्याला फोन करा, कारण बरेच केबलवाले कनेक्शन जुन्या कार्डाच्या मॅक ॲड्रेसला (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा नंबर) बांधून ठेवतात. नवा मॅक एक्सपीत 'आयपीकॉन्फिग ऑल' कमांडने मिळतो, ९८ मध्ये 'विनआयपीसीएफजी'ने, बारा आकडे-अक्षरांचा असतो, फोनवर सांगताना बी आणि डी नीट सांगा.