तार्गा फ्लोरिओ

तार्गा फ्लोरिओ : इटलीतील सिसिली बेटावर, मुख्यतः माडोनी पर्वतातील सार्वजनिक रस्त्यांवर भरणारी मोटारशर्यत (१९०६–७७). पालेर्मोच्या धनाढ्य उद्योजक घराण्यातील व्हिन्चेन्झो फ्लोरिओ हे तिचे संस्थापक. ६ मे १९०६ रोजीची पहिली शर्यत आलेस्सांद्रो काग्नो यांनी इताला गाडीतून जिंकली, सु. ४४६ किमी. अंतरास साडेनऊ तास लागले.

शर्यतीचा मार्ग वेळोवेळी बदलला. थोरल्या मार्गाची फेरी सु. १४८ किमी. (१९०६–११ आणि १९३१), मधल्याची १०८ किमी. (१९१९–३०), तर धाकट्याची ७२ किमी. (१९३२–३६ व १९५१ पासून) होती. १९१२–१४ व १९४८–५० या काळात शर्यत बेटाला प्रदक्षिणा घालून झाली, १९३७–४० मध्ये पालेर्मोतील ला फाव्होरिता उद्यानात. १९५७ मध्ये तर ती वेगाची नव्हे, नियमिततेची (ठरवून दिलेला सरासरी वेग राखण्याची) चाचणी होती. आवृत्तिक्रमांकात या सर्वांची गणना होते. मात्र विक्रमांची तुलना एकाच मार्गापुरती ठेवणे अधिक रास्त. धाकट्या मार्गावरील वळणांची संख्या सहाशेपासून नऊशेपर्यंत सांगितली जाते, कारण मोजणीचा निकष एक नाही.

रस्ता अरुंद असल्याने गाड्या ठरावीक अंतराने एकेक सोडत आणि निकाल घड्याळावर लावत. चेर्दाजवळून काल्ताव्हुतुरोकडे चढ, कोल्लेसानोमार्गे कांपोफेलिचेपर्यंत उतार आणि शेवटी समुद्रकाठचा सहा किमी.हून लांब सरळ पट्टा, अशी फेरी असे. चढावरच्या तीव्र वळणांसाठी गिअर आखूड (जोर जास्त, वेग कमी देणारे) ठेवले, की सरळ पट्ट्यावर इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जात. लांब ठेवले, तर वळणातून बाहेर पडताना जोर अपुरा पडे. सतत गिअर बदलल्याने क्लच व गिअरपेटी झिजत, उतारावर ब्रेक तापून त्यांची पकड सुटे. त्यामुळे येथे नुसती अश्वशक्ती उपयोगी नसे. १९२५–२९ या काळात बुगाट्टीच्या हलक्या गाड्या सलग पाच वेळा जिंकल्या. १९७० मध्ये पोर्शने अधिक शक्तीची ९१७ बाजूला ठेवून सु. ५४५ किग्रॅ. वजनाची ९०८/३ उतरवली. सिफर्ट व रेडमन या चालकांनी तीतूनच शर्यत जिंकली. त्याच वर्षी लेओ किन्नुनेन यांनी ३३ मि. ३६ से.त फेरी पूर्ण केली, म्हणजे ताशी सु. १२८ किमी.

जागतिक स्पोर्ट्सकार अजिंक्यपद मालिकेत ही शर्यत १९५५ मध्ये आणि पुढे १९५८ पासून १९७३ पर्यंत होती. ७२ किमी.च्या घाटरस्त्याला संरक्षक कठडे बसवणे व्यवहार्य नव्हते. म्हणून नंतर ती राष्ट्रीय पातळीवर उरली. १९७७ मध्ये एक गाडी रस्ता सोडून गेल्याने प्रेक्षक दगावले आणि शर्यत मध्येच थांबवली गेली. १९७८ पासून हे नाव रॅलीने चालवले आहे.