उकिरड्यातला वाडगा आणि त्याची भोकं

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, लॅब्राडोरमध्ये, नेन नावाचं गाव आहे. १७७१ साली मोरावियन पंथाच्या मिशनऱ्यांनी तिथे ठाणं मांडलं. (लेहमधली मोरावियन शाळा पाहिली असेल, तर तोच हा पंथ.) नेनच्या इनुइट, म्हणजे उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशातल्या मूळ रहिवाशांच्या, वस्तीचा जुना उकिरडा पुरातत्त्वज्ञांनी उकरला, तेव्हा सीलच्या हाडांसोबत ब्रिटनमधून आलेल्या स्वस्तातल्या, ठशांची नक्षी उमटवलेल्या भांड्यांची खापरंही निघाली.

यावरून लगेच म्हणता येईल की मिशनरी आले, चहा आला, कपबशा आल्या आणि इनुइट बदलले. पण खापरं वेगळी करून मांडली की दिसतं, पसरट ताटल्यांपेक्षा खोलगट वाडग्यांनाच जास्त मागणी होती. साहजिकच आहे. मांस उकळून रश्शासकट खाणाऱ्या घराला ताटली काय कामाची? भांडं परदेशी असलं तरी त्यात वाढलं जाणारं जेवण आजीच्याच हातचं होतं.

काही खापरांच्या कडेला बारीक गोल भोकं आहेत. तडा गेलेल्या भांड्याला दोन्ही बाजूंनी भोकं पाडायची आणि वादी ओवून आवळायचं, ही दुरुस्ती. इनुइट लोक मऊ संगजिऱ्याच्या दगडाची भांडी कोरत आणि ती तडकली की नेमकी अशीच सांधत. भोक पाडायचं हत्यार दोरीच्या कमानीने फिरे, आपल्या सुतारांच्या जुन्या सामत्यासारखं. म्हणजे माल नवा, हात जुना. मला हा वाडगा कुठल्याही हस्तिदंती मूर्तीपेक्षा मोलाचा वाटतो.

अर्थात परदेशी माल मिशनच्या आधीपासून येतच होता. सोळाव्या शतकात देवमाशांच्या शिकारीसाठी स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे बास्क खलाशी लॅब्राडोरमधल्याच रेड बे इथे उन्हाळ्यात येऊन तळ ठोकत आणि समुद्र गोठायच्या आत परतत. मागे उरलेले लोखंडी खिळे इनुइट उचलत, भट्टीशिवायच ठोकून चपटे करत आणि त्यांची टोकं, पाती बनवत.

पुढे घरंही बदलली. अर्धवट जमिनीत खणलेली, वर हिरवळीच्या ढेकळांचं छप्पर असलेली छोटी घरं मागे पडली आणि अठराव्या शतकात लांबलचक आयताकृती घरं आली. एकेका घरात वीस-वीस माणसं राहत. किती कुटुंबं होती हे कसं कळतं? प्रत्येक गृहिणीचा सीलच्या तेलावर जळणारा दगडी दिवा स्वतंत्र असे. स्वयंपाक, ऊब, उजेड, सगळं त्यावरच. खोदकामात दिव्याचे ओटे आणि झोपायचे चौथरे मोजले की घरातल्या चुली मोजल्यासारखंच होतं.

इतकी माणसं एका छपराखाली का आली, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. थंडी वाढली, शिकार आटली, म्हणून लोक बिलगून राहिले, असं एक मत. ते तपासायला उकिरड्यातले सीलचे दात कामी येतात. दाताच्या मुळाशी झाडाच्या खोडासारखी दरवर्षी वलयं चढतात. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की जनावर कोणत्या ऋतूत मारलं ते समजतं. अशा दातांवरून, हाडांवरून आणि हवामानाच्या नोंदींवरून काही संशोधकांना तो काळ उपासमारीचा वाटत नाही. त्यांच्या मते कारण व्यापारात होतं. युरोपात देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्यांना, तेलाला आणि कातड्यांना गिऱ्हाईक होतं. माल दक्षिणेकडे युरोपीय व्यापाऱ्यांपर्यंत पोचवणाऱ्या कर्त्या पुरुषाभोवती नातेवाईक जमत, होडीला हात मिळत. मला हेच पटतं. उपाशी माणसं वीस जणांचं घर बांधायच्या खटपटीत सहसा पडत नाहीत.

मिशनऱ्यांना मात्र ही घरं खुपत. एक नवरा, एक बायको, एक घर, असा त्यांचा आग्रह. त्यांचं दुकान होतं, उधारीच्या वह्या होत्या, वर्षातून एकदा लंडनहून जहाज येई. दुकानात काय आलं ते वह्यांत सापडतं. घरी नेल्यावर वाडग्यात काय शिजलेलं पडलं आणि फुटल्यावर तो किती जपून सांधला, ते मात्र उकिरड्यातच पाहावं लागतं.