सर्व्हर व स्टोरेज मॉनिटरिंग

सर्व्हर आणि त्याला जोडलेली साठवण यंत्रणा किती राबत आहे, काम कुठे अडले आहे, जागा किती उरली आहे, हे ठरावीक अंतराने मोजून साठवणारे, त्याचे आलेख काढणारे आणि वेळ पडल्यास रात्री माणसाला उठवणारे सॉफ्टवेअर. ‘देखरेख प्रणाली’ हा शब्द निविदेच्या कागदावर भेटतो. ऑफिसात ‘सर्व्हर मॉनिटरिंगला लाव’ आणि ‘अलर्ट आला का?’ असेच बोलतात.

मोजायच्या गोष्टी तशा थोड्या आहेत : सीपीयू, मेमरी, नेटवर्क आणि डिस्क. त्यांतली डिस्क सर्वांत फसवी. तिच्याबाबत तीन आकडे पाहतात : सेकंदाला किती वाचन-लेखने झाली, किती मेगाबाइट सरकले आणि एका मागणीला किती वेळ लागला. यांतला तिसरा आकडा, म्हणजे लेटन्सी, वापरणाऱ्याला थेट जाणवतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कचा एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांचा असतो. हवी ती जागा माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) येण्यात सरासरी अर्धा फेरा जातो, त्यात डोके हलवण्याचा वेळ मिळवावा लागतो. म्हणून विखुरलेली माहिती वाचताना अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपास मागण्या पुऱ्या करते. तिला घाई करून चालत नाही. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, तिला फिरणारे काहीच नसल्याने तिचे उत्तर सहसा एका मिलिसेकंदाच्या आत येते.

सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त गैरसमज झालेला आकडा म्हणजे लोड अ‍ॅव्हरेज. टेनेक्स या कार्यप्रणालीच्या यंत्रांचे १९७३ सालच्या जुलै महिन्याचे लोड अ‍ॅव्हरेज एका आरएफसीत, म्हणजे संगणक-जाळ्यांवरच्या तांत्रिक टिपणांपैकी एकात, छापलेले आहेत. तिथे त्याचा अर्थ सरळ होता : सीपीयूसाठी तयार उभ्या असलेल्या प्रोसेसची (चालू प्रोग्रामांची) सरासरी संख्या. लिनक्सवर ‘अपटाइम’ ही आज्ञा दिली की एक, पाच आणि पंधरा मिनिटांचे तीन आकडे येतात. ही साधी सरासरी नव्हे. जुन्या मोजणीचे वजन हळूहळू घटवत नेलेले असते. रिकाम्या यंत्रावर एकच प्रोसेस मिनिटभर पूर्ण राबवली तर पहिला आकडा १ नव्हे, ०.६२ च्या आसपास दिसतो.

खरी गोम वेगळीच आहे. ऑक्टोबर १९९३ मध्ये मॅथियास उर्लिश्स यांनी लिनक्ससाठी एक छोटा पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवला आणि डिस्कच्या उत्तराची वाट पाहत अडकलेल्या, म्हणजे ‘डी’ अवस्थेतल्या, प्रोसेसही या मोजणीत आल्या. युक्तिवाद बिनतोड होता : वेगवान स्वॅप डिस्क (मेमरी अपुरी पडली की तिच्यातला भाग ठेवण्याची डिस्क) काढून मंद डिस्क बसवली तर लोड कमी दिसावा, हे विचित्रच. पण त्यामुळे आकड्याचा अर्थ बदलला. एनएफएस सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून फाइली पुरवणारे यंत्र, बंद पडला की त्यावर अवलंबून असलेल्या यंत्राचा लोड चाळीस-पन्नासवर जातो, सीपीयू मात्र रिकामा बसलेला असतो. अशा वेळी कोणी सीपीयू वाढवून मागितले तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. या पॅचचा उगम संगणकांच्या कार्यक्षमतेचे अभ्यासक ब्रेंडन ग्रेग यांनी २०१७ मध्ये जुनी पत्रे उपसून शोधून काढला. तोवर कारण कुणाला नीट सांगता येत नव्हते.

डिस्कवर संशय आला की ‘आयओस्टॅट’ ही डिस्कचे आकडे दाखवणारी आज्ञा चालवतात. त्यातला ‘युटिल’ हा टक्क्यांचा रकाना सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो आणि नेमका तोच दिशाभूल करतो. डिस्ककडे निदान एक तरी मागणी प्रलंबित होती असा वेळ किती, एवढेच तो सांगतो. एका वेळी एकच मागणी पुरी करणाऱ्या हार्ड डिस्कला हे ठीक. पण एसएसडी किंवा अनेक डिस्कांचा अ‍ॅरे एकाच वेळी कित्येक मागण्या हाताळतो. तिथे १०० टक्के दिसूनही बरीच ताकद शिल्लक असू शकते. एका मागणीला सरासरी किती वेळ लागला हे सांगणारा ‘अवेट’ हा रकाना आणि रांगेची लांबी जास्त विश्वासाची.

आलेखांची सवय लावली ती नेटवर्कवरच्या वाहतुकीचे आलेख काढणाऱ्या एमआरटीजीने. टोबियास ओटिकर यांनी ते इंग्लंडमधल्या लेस्टर इथल्या डी माँटफोर्ट विद्यापीठात असताना लिहिले आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. विद्यापीठाची बाहेरची ६४ किलोबिटची एकुलती लाइन किती भरली आहे, हे पाहण्यासाठी. १९९९ मध्ये त्यांनीच मोजणी साठवून आलेख काढणारे आरआरडीटूल दिले. त्याची फाइल कधी वाढत नाही. जुनी मोजणी सरासरी करून दाबली जाते. जागा वाचते, पुरावा जातो. समजा, डिस्क एरवी ५ मिलिसेकंदांत उत्तर देते आणि एका पाच मिनिटांत २० सेकंद तिने प्रत्येक मागणीला पूर्ण सेकंद घेतला. वेळेच्या हिशेबाने त्या पाच मिनिटांची सरासरी ७१ येते, त्या दोन तासांची पावणेआठ आणि दिवसाची ५.२. महिन्याने चौकशी निघाली तर आलेख सपाट! म्हणून आता सरासरीऐवजी ९९ वा शतमक, म्हणजे शंभरांतल्या ९९ मागण्या ज्या वेळेच्या आत पुऱ्या झाल्या तो वेळ, पाहण्याचा आग्रह धरतात.

प्रत्येक मागणीचा वेळ वेगळा टिपला तर काय दिसते, याचा नमुना ग्रेग यांनीच २००८च्या अखेरीस सन या संगणक कंपनीत असताना दाखवला. चालू डिस्कांच्या रॅकसमोर उभे राहून ते जोरात ओरडले, आणि पडद्यावरच्या लेटन्सीच्या नकाशात त्याच क्षणी उंच ठिपके उमटले. आवाजाच्या कंपनांनी डिस्क अडखळल्या होत्या.

‘चालू की बंद’ हे तपासणारी पिढी नागिओसची (१९९९ मध्ये नेटसेंट या नावाने सुरुवात, २००२ पासून आजचे नाव). लॅटव्हियातून आलेले झॅबिक्सही त्याच सुमाराचे. प्रॉमिथियस २०१२ मध्ये साउंडक्लाउड या संगीत ऐकवणाऱ्या कंपनीत सुरू झाले. ते यंत्रांनी आकडे पाठवण्याची वाट पाहत नाही, स्वतः जाऊन ओढून आणते. यंत्राने उत्तरच दिले नाही तर तीही नोंद होते. २०१६ मध्ये ते कुबरनेटीसनंतरचा दुसरा प्रकल्प म्हणून सीएनसीएफमध्ये, म्हणजे क्लाउडची मुक्त सॉफ्टवेअरे सांभाळणाऱ्या संस्थेत, दाखल झाले. आलेखांसाठी त्यासोबत बहुधा २०१४ मध्ये आलेले ग्राफाना असते.

अलर्टची मर्यादा ठरवणे हे मात्र सॉफ्टवेअरचे नव्हे, अनुभवाचे काम. ‘डिस्क ९० टक्के भरली’ हा अलर्ट १० टेराबाइटच्या डिस्कवर आठवडाभर आधी वाजून कंटाळा आणतो, छोट्या लॉग-डिस्कवर उशिरा येतो. त्यापेक्षा ‘या वेगाने चार तासांत भरेल’ असा हिशेब उपयोगी. जागा शिल्लक असून आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंदीची जागा) संपले, तर नवी फाइल तयार होत नाही, आणि हे मोजायचे हमखास राहून जाते. रेड कंट्रोलरची (अनेक डिस्का एकत्र चालवणाऱ्या कार्डाची) बॅटरी उतरली की बरेच कंट्रोलर लेखन कॅशेत, म्हणजे आपल्या तात्पुरत्या मेमरीत, न थांबवता थेट डिस्कवर नेतात. यंत्र चालू, डिस्क धडधाकट, लेखनाचा वेळ मात्र कितीतरी पट. डेटाबेसवाले क्वेरी तपासत बसतात. बॅटरीची अवस्था मॉनिटरिंगला लावलेली नसते.

मॉनिटरिंगच बंद पडले तर सगळीकडे शांतता, आणि ती शांतता चांगल्या दिवसासारखीच दिसते. म्हणून प्रॉमिथियसच्या मांडणीत ‘वॉचडॉग’ नावाचा एक अलर्ट मुद्दाम अखंड वाजत ठेवतात. तो बाहेरच्या दुसऱ्या यंत्रणेकडे जात राहतो, आणि यायचा थांबला की ती यंत्रणा ड्यूटीवरच्या माणसाला फोन लावते.