अ‍ॅटनबरो (आडनाव)

अ‍ॅटनबरो : मध्य इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशर परगण्यातून आलेले एक विरळ इंग्रजी आडनाव. चित्रपट-दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो (१९२३–२०१४) आणि निसर्गविषयक दूरचित्रवाणी मालिकांचे निवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरो (जन्म १९२६) या दोन भावांमुळे ते जगभर ओळखीचे झाले. त्यामुळे इंग्लंडात ते जागोजागी आढळत असेल असे वाटते, पण तसे नाही. स्मिथ किंवा टेलर आडनावाची माणसे तिथे लाखांनी आहेत. अ‍ॅटनबरो आडनावाच्या लोकांची संख्या त्यांच्या पासंगालाही पुरत नाही. आडनावांच्या अभ्यासकांना ते मोलाचे वाटते ते याच विरळपणामुळे. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगावी होते. त्यामुळे दोन स्मिथ एकमेकांचे कोणी लागत असतील असे धरून चालता येत नाही. अ‍ॅटनबरो या नावाचे मात्र गाव सापडते, परिसर सापडतो आणि एकाच मूळपुरुषाकडे बोट दाखवणारा जनुकीय पुरावाही सापडतो.

गाव आणि व्युत्पत्ती

अ‍ॅटनबरो हे गाव नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे सात किलोमीटरवर, ट्रेंट नदीच्या काठी आहे. एरेवॉश ही छोटी नदी इथेच ट्रेंटला मिळते. बीस्टन, चिलवेल, टोटन आणि डर्बीशरच्या हद्दीतले लाँग ईटन ही त्याची शेजारची गावे. विल्यम राजाने १०८६ मध्ये करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या ‘डूम्सडे’ पाहणीत चिलवेल आणि टोटन यांची नावे आहेत, अ‍ॅटनबरोचे नाही. ते कागदावर येते बाराव्या शतकात. ‘बरो’ हा शेवटचा भाग जुन्या इंग्रजीतल्या ‘बुर्ह’ म्हणजे तटबंदीच्या जागेवरून आला आहे. एडिंबरा, कँटरबरी, पीटरबरो या नावांच्या शेवटी हाच शब्द वेगवेगळ्या रूपांत दिसतो. पहिल्या भागात अ‍ॅडा किंवा त्याच्या जवळपासचे एखादे अँग्लो-सॅक्सन व्यक्तिनाव आहे असे मानले जाते. म्हणजे गावाच्या नावाचा अर्थ ‘अ‍ॅडाची गढी’. हा अ‍ॅडा कोण होता ते इतिहासाला ठाऊक नाही. गावाच्या नावापलीकडे त्याची कसलीही खूण उरलेली नाही.

आडनावाची दुसरी व्युत्पत्तीही सांगितली जाते आणि ती सहज बाजूला सारण्यासारखी नाही. मध्ययुगीन इंग्रजीत ‘अ‍ॅट’ (‘पाशी’) आणि उपपद एकत्र येऊन ‘अ‍ॅटेन’ किंवा ‘अ‍ॅटे’ असे रूप होई. माणसाचे घर कशापाशी आहे ते सांगायला ते वापरत. रानापाशी राहणारा अ‍ॅटवुड, झऱ्यापाशी राहणारा अ‍ॅटवेल, ही आडनावे अशीच बनली. त्या न्यायाने गढीपाशी किंवा राईपाशी राहणारा कोणीही, इंग्लंडच्या कुठल्याही कोपऱ्यात, ‘अ‍ॅटेनबरो’ म्हणवून घेऊ शकत होता. हे खरे असेल तर आडनावाची मुळे अनेक ठरतात आणि त्याचा नॉटिंगहॅमशरशी संबंध केवळ योगायोगाचा ठरतो. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाटा खुल्या आहेत. निवाडा करायचा तर भूगोल आणि जनुकशास्त्र यांचीच साक्ष काढावी लागते.

नाव माणसाला चिकटले ते कसे

इंग्लंडात वंशपरंपरागत आडनावे नॉर्मन विजयानंतर (१०६६) जमीनदार घराण्यांपासून सुरू झाली आणि साधारण १४०० पर्यंत बहुतेक कुटुंबांत रुळली. उत्तरेकडे ती जरा उशिरा पोचली. गावावरून पडलेले आडनाव बहुधा गाव सोडल्यावरच पडते. चिपळूणातला माणूस चिपळूणात राहिला तर त्याला कोणी चिपळूणकर म्हणणार नाही, कारण तिथे सगळेच चिपळूणचे. तो पुण्यात आला की त्याची ओळख गावावरून सांगितली जाते. अ‍ॅटनबरोचेही तसेच. मूळपुरुष गावातून निघून आसपासच्या एखाद्या वस्तीत स्थिरावला असणार आणि तिथल्या लोकांनी त्याला गावाच्या नावाने ओळखायला सुरुवात केली असणार. म्हणून अशा आडनावाची सगळ्यांत दाट वस्ती पुष्कळदा खुद्द गावात नसते, गावाभोवतीच्या वर्तुळात असते.

१५३८ मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या आदेशाने इंग्लंडातल्या प्रत्येक पॅरिशला (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला) बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. सामान्य घराण्यांचा माग काढायला ही मोठी सोय झाली, पण तिने एक गुंताही दिला. नाव लिहिणारा पाद्री, सांगणारा बहुधा निरक्षर. कानावर पडेल तसे लिहिले जाई. या आडनावाचा शेवट ‘बरा’सारखा, तोही अगदी ओझरता उच्चारला जातो. त्यामुळे अ‍ॅटनबरो, अ‍ॅटनबॅरो, अ‍ॅटनबरोव, अ‍ॅटनब्रो अशी निरनिराळी लेखनरूपे तयार झाली आणि त्यांतली काही आज स्वतंत्र आडनावे म्हणून नांदत आहेत. मराठीतले ‘अ‍ॅटनबरो’ हे रूप इंग्रजी स्पेलिंगवरून घडले आहे. उच्चाराप्रमाणे लिहायचे तर ‘अ‍ॅटनबरा’ अधिक जवळचे.

विरळ राहण्याचे कारण

एका माणसापासून सुरू झालेले आडनाव टिकते ते मुलग्यांच्या भरवशावर. एका पिढीत सगळ्या मुलीच झाल्या, मुलगे लहानपणी गेले किंवा अविवाहित राहिले, की ती शाखा संपते. इंग्लंडात १३४८–४९ च्या प्लेगने आडनावे रुजत असतानाच लोकसंख्येचा मोठा हिस्सा कापून काढला. त्यात नुकती जन्मलेली कितीतरी नावे मुळासकट गेली असणार. हा प्रश्न गणिताच्या भाषेत पहिल्यांदा मांडला तो फ्रान्सिस गॉल्टनने. आडनावे लोप पावण्याची संभाव्यता किती, हे कोडे त्याने १८७३ मध्ये एका शिक्षणविषयक नियतकालिकातून विचारले. हेन्री विल्यम वॉटसन या गणिती पाद्र्याने त्याचे उत्तर दिले आणि १८७४ मध्ये दोघांनी मिळून निबंध प्रसिद्ध केला. सगळीच आडनावे आज ना उद्या संपणार, हा वॉटसनचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. सरासरी एका पुरुषाला एकाहून अधिक मुलगे होत असतील तर काही वंश अखंड चालू राहू शकतात. पण त्याची पद्धत इतकी पक्की होती की आज रोगाची साथ कशी पसरते किंवा विझते याचा हिशेबही तिच्याच आधारे मांडतात.

अ‍ॅटनबरो हे आडनाव या चाळणीतून वाचले, पण फार फोफावले नाही. नॉटिंगहॅमची लेस आणि होजियरी, भोवतालच्या कोळशाच्या खाणी, पुढे रेल्वे यांमुळे रोजगारासाठी फार लांब जाण्याची गरज पडली नाही, हेही ते मूळ परिसरातच दाटून राहण्याचे एक कारण असावे.

जनुकीय पुरावा

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते. इंग्रजी आडनावही त्याच वाटेने जाते. मग एका आडनावाच्या पुरुषांचे वाय गुणसूत्रही एकसारखे असायला हवे. ही कल्पना कसोशीने तपासली लेस्टर विद्यापीठातील टूरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी. २००६ मध्ये त्यांनी समान आडनावाच्या दीडशे जोड्या तपासल्या. सुमारे एक चतुर्थांश जोड्यांत अलीकडच्या काळातला समान पूर्वज असल्याचे दिसले आणि विरळ आडनावांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले. २००९ मध्ये त्यांनी चाळीस ब्रिटिश आडनावे आणि १,६७८ पुरुष घेऊन मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अ‍ॅटनबरो होते.

निकाल बोलका होता. अ‍ॅटनबरो पुरुषांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जणांचे वाय गुणसूत्र एकाच प्रकारचे किंवा जवळजवळ एकसारखे निघाले. स्मिथ आडनावाच्या पुरुषांत असा कोणताही एक गट दिसला नाही. त्यांची गुणसूत्रे ब्रिटनच्या सर्वसाधारण लोकसंख्येइतकीच सरमिसळ होती. इंग्लंडभर वेगवेगळ्या गढ्यांपाशी राहणाऱ्या वेगवेगळ्या माणसांनी हे आडनाव धारण केले असते, तर अ‍ॅटनबरोंचे चित्रही स्मिथांसारखेच विखुरलेले दिसले असते. आज हे नाव धारण करणाऱ्या बहुतेकांपुरता तरी ‘अ‍ॅटेन बरो’ या दुसऱ्या व्युत्पत्तीचा दावा इथे कमजोर पडतो आणि नॉटिंगहॅमशरच्या गावाचा बळकट होतो.

उरलेल्यांचे काय? दत्तक गेलेला मुलगा, आईचे आडनाव लावणारा मुलगा, विवाहबाह्य संतती, मालमत्तेसाठी नाव बदललेला जावई. यांतल्या प्रत्येक प्रसंगी आडनाव आणि गुणसूत्र यांची फारकत होते. याच संशोधकांनी अशा फारकतीचा ऐतिहासिक दर पिढीमागे एक ते साडेचार टक्के एवढाच काढला. एका पिढीला तो किरकोळ वाटतो, पण सहा-सात शतकांत वीस-पंचवीस पिढ्या होतात, आणि तेवढ्या पिढ्यांचा साचलेला परिणाम लहान नसतो. तरीही सत्तर टक्के एका वंशाचे निघावेत हे आश्चर्य आहे. विरळ आडनावात शाखा थोड्या असतात आणि त्यांतली एखादी योगायोगाने वाढली की बाकीच्या झाकल्या जातात, हे त्याचे एक स्पष्टीकरण. म्हणून ‘सगळे अ‍ॅटनबरो एकाचे वंशज’ असे सरसकट विधान करू नये. ‘बहुतेक एकाचे’ एवढेच पुराव्यात बसते.

लंडनची शाखा आणि स्टेपलफर्डचे घराणे

एकोणिसाव्या शतकातल्या लंडनकराला अ‍ॅटनबरो म्हटले की गहाणवटीचे दुकान आठवे. या आडनावाच्या मंडळींनी शहरात दागिने, घड्याळे, चांदीची भांडी गहाण ठेवून कर्ज देण्याचा धंदा मोठा केला होता. फ्लीट स्ट्रीट आणि चान्सरी लेन यांच्या कोपऱ्यावरचे त्यांचे दुकान तर वकिलांच्या आणि पत्रकारांच्या रोजच्या रस्त्यावर होते. निसर्ग आणि अ‍ॅटनबरो ही जोडी आज जितकी पक्की वाटते, तितकीच त्या काळी तारण आणि अ‍ॅटनबरो ही जोडी पक्की होती.

प्रसिद्ध भावांचे घराणे मात्र मूळ परिसरातले. आजोबा स्टेपलफर्डचे बेकरीवाले. हे गाव अ‍ॅटनबरोपासून जेमतेम पाच किलोमीटरवर. आई मेरी ही लाँग ईटनच्या शाळेच्या मुख्याध्यापकांची, सॅम्युएल क्लेग यांची मुलगी. वडील फ्रेडरिक अ‍ॅटनबरो हे अँग्लो-सॅक्सन काळाचे अभ्यासक. इंग्लंडच्या सर्वांत जुन्या राजांचे कायदे त्यांनी मूळ जुन्या इंग्रजीतून संपादित आणि अनुवादित करून १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या भाषेतून त्यांचे आडनाव घडले तीच त्यांच्या अभ्यासाची भाषा होती. १९३२ ते १९५१ ते लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते. पुढे त्याचेच लेस्टर विद्यापीठ झाले, आणि या आडनावाची गुणसूत्रे तपासली गेली ती त्याच विद्यापीठात. तिथली १९७० मधली अठरा मजली अ‍ॅटनबरो इमारत त्यांच्या नावाची. न थांबता फिरत राहणारी, चालती असतानाच आत-बाहेर पाऊल टाकायचे अशी तिथली, आता बंद झालेली साखळी-लिफ्ट विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांच्या आठवणीत आहे.

गावाशी घराण्याचा संबंध डेव्हिड यांनी पुन्हा जोडला. ट्रेंटकाठी वाळू-खडी काढून झालेल्या खाणींत पाणी साचून तळी तयार झाली होती. तिथे पाणपक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र उभे राहिले आणि १९६६ मध्ये त्याचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. गावाची त्याआधीची कीर्ती दोन गोष्टींची होती : सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात राजाविरुद्ध लढलेल्या पार्लमेंटच्या सैन्याचा सेनानी आणि ऑलिव्हर क्रॉमवेलचा जावई हेन्री आयर्टन (जन्म १६११) इथला, आणि १ जुलै १९१८ रोजी चिलवेलच्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात मरण पावलेल्या १३४ कामगारांपैकी अनेकांना इथल्या चर्चच्या आवारात मूठमाती दिली गेली.

महाराष्ट्राशी संबंध

मराठी घरांत हे आडनाव पोचले ते मुख्यत्वे रिचर्ड यांनी गांधीजींवर काढलेल्या १९८२ च्या चित्रपटामुळे. त्याचे काही चित्रीकरण पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, म्हणजे कस्तुरबांनी जिथे देह ठेवला त्याच वास्तूत झाले. कस्तुरबांची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली आणि त्यांना ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळाला. वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. १९८३ मध्ये भारत सरकारने रिचर्ड यांना पद्मभूषण दिले.

आजचा प्रसार

आजही हे आडनाव सर्वाधिक दाट आढळते ते नॉटिंगहॅमशर आणि लगतच्या डर्बीशरमध्ये. लंडन आणि आग्नेय इंग्लंडात ते नोकरी-धंद्याच्या ओढीने गेले. देशाबाहेर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, न्यूझीलंड या इंग्रजी वसाहतींच्या वाटेने गेलेल्या कुटुंबांत ते तुरळक सापडते. तिथे शोध घेताना ‘अ‍ॅटनब्रो’सारखी रूपे वगळली तर निम्मा माग हातचा जातो. ब्रिटनमधल्या तुलनेसाठी अभ्यासक १८८१ ची जनगणना प्रमाण धरतात, कारण मोटारगाड्यांनी आणि महायुद्धांनी माणसे उठवण्यापूर्वीचे ते सर्वांत सोयीचे संपूर्ण चित्र आहे.

माणसांपेक्षा वेगाने हे नाव सध्या वाढते आहे ते जीवशास्त्राच्या लॅटिन नामावलीत. अ‍ॅटनबरोसॉरस हा ज्युरासिक काळातला सागरी सरीसृप, फिलिपिन्सच्या पालावान बेटावरचे कीटकभक्षी घटपर्णी झुडूप, आणि न्यू गिनीतला लांब चोचीचा एकिडना (अंडी घालणारा काटेरी सस्तन प्राणी) अशा कितीतरी जीवांना डेव्हिड यांचे आडनाव दिले गेले आहे. या एकिडनाचा १९६१ मध्ये गोळा केलेला एकच नमुना विज्ञानाच्या हाती होता. त्यावरून १९९८ मध्ये जात निश्चित झाली. जिवंत प्राण्याची चित्रे मिळाली ती थेट २०२३ मध्ये, सायक्लॉप्स पर्वतात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांतून.