गांडूळ बीज नेण्याआधी फवारणीची वही बघा

एप्रिलची खरड छाटणी किंवा ऑक्टोबरची गोडी छाटणी उरकली की आमच्याकडून गांडूळखतासाठी जिवंत गांडुळं, म्हणजे बीज, नेणाऱ्यांचे निफाड-दिंडोरीकडून फोन सुरू होतात, "तुमचं बीज रोगट निघालं, खताचा बेड बसला, गांडुळं मेली." जाऊन बघावं तर बहुतेक ठिकाणी द्राक्षाच्या काडीची कुट्टी थेट बेडात टाकलेली, आणि काडीवर बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाची, निळसर पूड.

बोर्डोत मोरचूद, मोरचुदात तांबं. गांडुळाची कातडी आणि आतडं यांच्यामध्ये एक द्रव असतो. त्यातल्या पेशी घातक जिवाणू गिळतात आणि द्रवातली काही प्रथिनं जिवाणूंना मारतात. डिवचल्यावर लाल गांडूळ पिवळसर, उग्र वासाचं पाणी सोडतं, तो हाच द्रव. आपल्यासारख्या अँटिबॉडी त्याच्याकडे नसतात. तांबं वाढलं की या पेशींचं गिळणं मंदावतं. म्हणून गांडूळ त्याच दिवशी मरत नाही. आधी सुस्तावतं, मग एरवी सहज परतवले असते अशा जिवाणूंना बळी पडतं. बघणाऱ्याला वाटतं, बीजच रोगट होतं.

"आधी कुजवून टाकलं तर चालेल ना?" असं बरेच जण विचारतात. नाही चालणार. बरीचशी कीडनाशकं हळूहळू विघटित होतात, तांबं होत नाही. ढीग कुजून निम्मा झाला तरी तांबं तेवढंच राहतं, म्हणजे किलोमागे दुप्पट. बोर्डो बसलेली काडी बेडात नकोच. पंधरा-वीस दिवसांचं शेण आणि उसाचं पाचट घाला. ब्लोअर, म्हणजे फवारणी यंत्र, धुतलेलं पाणीही बेडाकडे वळू देऊ नका. त्यात फवारलेली औषधं असतात, आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक तर गांडुळांना थेट विषारी आहे.

नवा माल घमेल्यात ओला करून त्यात 20 गांडुळं सोडा, वर गोणपाट टाका. दोन दिवसांत कडेला चढून आली तर तो माल वापरू नका. पण या चाचणीत जहाल विषच कळतं, तांब्याचा सावकाश होणारा परिणाम कळत नाही. त्यासाठी फवारणीची वहीच बघावी लागते.

म्हणून बीज देताना आम्ही वही मागतो. काहींना ते खटकतं, पण त्यात तुमचेच पैसे वाचतात. निर्यातीच्या बागेची वही तुम्ही ठेवताच. आमचं बीज फक्त शेण आणि पाचटावर वाढवलेलं आहे. वही दाखवून नेलेल्या बीजाचा बेड महिनाभरात बसला, तर बीज बदलून देतो.

छाटणीच्या दिवसांत मागणी फार असते. आठ दिवस आधी कळवा, आणि येताना वहीबरोबर बेडात घालायच्या मालाची पिशवीभर वानगी आणा.