उजवा हात हलवायचा नुसता विचार केला, तर मशीनला कळतं कसं?

डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतले सिग्नल घेणं, म्हणजे ईईजी, तसं जुनंच आहे, हान्स बर्गरने 1924 मध्येच माणसाचा पहिला ईईजी घेतला होता. खरी कसरत पुढे आहे, त्या रेघोट्या बघून हा माणूस उजव्या हाताचा विचार करतोय की डाव्या, हे कॉम्प्युटरने ओळखायचं.

गंमत म्हणजे इथे सिग्नल वाढत नाही, उलट कमी होतो. आपण निवांत असताना मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागात साधारण 8 ते 13 हर्ट्झची एक लय चालू असते, आणि उजवा हात हलवायची नुसती कल्पना केली तरी डाव्या बाजूची लय दबते. डाव्या हाताला उजव्या बाजूची. मग दोन्हीकडची ताकद मोजा आणि सांगा, एवढं सोपं? नाही ना. हा सिग्नल जेमतेम 10 ते 100 मायक्रोव्होल्टचा, त्यात साधी पापणी लवली किंवा दात आवळले तरी सगळं झाकून जातं.

म्हणून आधी फिल्टर लावायचा, मग सीएसपी (कॉमन स्पेशियल पॅटर्न्स) नावाची युक्ती. यात प्रत्येक इलेक्ट्रोडला असं वजन देतात की एका विचाराच्या वेळी सिग्नलचा चढउतार जास्तीत जास्त दिसेल आणि दुसऱ्याच्या वेळी कमीत कमी. त्यानंतर एलडीए ही वर्गवारीची साधी पद्धत सरळ एक रेघ मारून दोन गट वेगळे करते, बस. डीप लर्निंगही आलंय, ईईजीसाठीच बनवलेलं 2018 चं ईईजीनेट बरंच वापरलं जातं, पण तेसुद्धा मुद्दाम छोटं ठेवलेलं नेटवर्क आहे, कारण डेटाच थोडा असतो. या क्षेत्रातला फेमस 2ए डेटासेट (बीसीआय कॉम्पिटिशन IV या स्पर्धेतला) घ्या, त्यात माणसं फक्त 9!

आता ॲक्युरसीचं. 60 टक्के ऐकून लगेच नाक मुरडू नका, चार पर्याय असतील तर अंदाजपंचे 25 टक्केच येतात, दोनच असतील तर मात्र 60 म्हणजे फारसं काही नाही. आणि कोणी 98 टक्के सांगितले तर मला आधी शंकाच येते. कोणत्या हाताचा विचार करायचा हे सांगायला स्क्रीनवर डावा-उजवा बाण दाखवला की डोळे तिकडे वळतात, आणि मॉडेल मेंदू सोडून डोळ्यांची हालचालच शिकून बसतं. किंवा एकाच रेकॉर्डिंगचे एकमेकांवर चढलेले तुकडे ट्रेनिंगमध्येही आणि टेस्टमध्येही, मग मार्क मिळणारच की! दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रोडची टोपी जराशी सरकली, माणूस दमलेला असला, की तेच मॉडेल गडबडतं, त्यामुळे टेस्ट वेगळ्या दिवशीच्या रेकॉर्डिंगवर घेतली होती का, एवढं आधी विचारावं.